विचारपूस पुरे, पाळी लावा

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की आपल्याकडे माणसं भेटायला येतात. शहाळी येतात, सफरचंदं येतात, 'आमच्या मामांनाही असंच झालं होतं' ही हकिकत येते, आणि उठताना 'काही लागलं तर हक्कानं सांगा' हे वाक्य ठरलेलं. एवढ्या वेळात आजारी माणसाचं सगळं करणारी बाई, कारण बहुधा ती बाईच असते, आत चहा टाकत असते. विचारपूस होते रुग्णाची, काम वाढतं तिचं. 'हक्कानं सांगा' म्हणताना मागायची जबाबदारीही आपण तिच्याच गळ्यात घालतो, आणि थकलेलं माणूस सहसा मागत नाही. तिला हवे असतात ते स्वतःचे दोनतीन तास, तेही आधीपासून माहीत असलेल्या वारी.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २७.६ टक्के आणि पुरुषांचं १४ टक्के निघालं. यात मुलांना सांभाळणंही आलं. हे काम करणाऱ्या स्त्रीची रोजची सरासरी १३४ मिनिटं, पुरुषाची ७६. पण प्रश्न फक्त मिनिटांचा नाही. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा १९९९ मधला अमेरिकी अभ्यास आजारी जोडीदाराचं करणाऱ्या वृद्धांविषयी आहे. ज्यांना त्याचा ताण जाणवत होता, त्यांच्या बाबतीत पुढच्या चार वर्षांतला मृत्यूचा धोका, असं काही करावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. ताण न जाणवणाऱ्यांत अशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे घात सेवा करत नाही, सेवेत एकटं पडणं करतं, असा माझा निष्कर्ष आहे. आणि एकटेपण शेजाऱ्यांना कमी करता येतं.

कसं, ते केरळनं दाखवलंय. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशामक व उपशामक उपचारांची संस्था काढली. रुग्णालयाबाहेरची गरज एकट्या डॉक्टरांच्या आवाक्यातली नव्हती. मग मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शेजारपाजाऱ्यांची जाळी उभी राहिली. थोडं प्रशिक्षण घेऊन आठवड्याला किमान दोन तास देणारे साधे लोक त्यात होते. जखमेची मलमपट्टी, नळी बदलणं हे परिचारिकेकडे. बाकीचं, म्हणजे रुग्णाजवळ बसणं, कागदपत्रं, औषधं, घरातल्यांशी बोलणं, हे शेजाऱ्यांकडे. मला यातली कामाची वाटणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेजाऱ्यानं नर्स होण्याचा प्रयत्न केला तर तो घाबरून पळेल, नाहीतर काहीतरी बिघडवेल.

आपल्याकडे 'आमच्या घरातलं आम्ही बघू' ही भिंत आहे, आणि ती निव्वळ अहंकाराची नाही. सासऱ्यांचे डायपर परक्यानं पाहावेत असं कुणाला वाटेल? शिवाय कपाटाच्या किल्ल्यांची धास्ती असते, आणि कुणाच्या हातचं कोण खाणार हा जुना, नको तो प्रश्नही. म्हणून सुरुवात उंबऱ्याबाहेरून करावी: बँक, नोव्हेंबरातला पेन्शनरांचा हयातीचा दाखला, रक्ततपासणीचा रिपोर्ट, मुलांना क्लासला सोडणं. ओळख मुरली की खोलीत बसणं आपोआप जमतं. 'शहरात कुणाला वेळ आहे?' हा आक्षेप मला तितकासा पटत नाही. जिथे भिशीची पाळी चुकत नाही, गणपतीच्या मांडवात रात्रभर बसायला पोरं मिळतात, तिथे आठ घरांनी आठवड्यातून एकदा पाळी लावली तर प्रत्येकाचा नंबर दोन महिन्यांनी येतो. पाळीची वही मात्र सोसायटीतल्या कुणा तिऱ्हाइतानं ठेवावी. त्या घरच्या बाईनं ठेवली तर ते तिचं आणखी एक काम.

उरतो आक्षेप सरकारचा: शेजारी हे करू लागले तर पालिका आणि पंचायती हात झटकतील. भीती रास्त आहे. स्मृतिभ्रंशासारखं दुखणं वर्षानुवर्षं चालतं. तिथे पगारी परिचारिका, काही दिवसांसाठी रुग्णाला ठेवून घेणारी केंद्रं लागतातच, आणि ती कुठलीही गल्ली उभारू शकत नाही. पण केरळमधला क्रम पाहा. लोकांची जाळी आधी चालू झाली. राज्याचं उपशामक सेवेचं धोरण २००८ मध्ये आलं आणि घरोघरी परिचारिका पाठवण्याचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे गेलं. तिथे शेजाऱ्यांच्या कामानं सरकारला सुटका मिळाली नाही, उलट मागणी वाढली. कारण कोणत्या घरात कोण पडून आहे, याची माहिती तोवर गावाकडे होती.