मागचे दार नसलेले घर

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. तिथल्या जुन्या पद्धतीच्या एखाद्या कौलारू घराच्या ओटीवर उभे राहा. पुढचे आणि मागचे दार उघडे असेल, तर थेट परसातले झाड दिसते आणि अंगावर वारा येतो. आता मागचे दार लावा. पुढचे दार उघडे असूनही वारा पडतो. असे का व्हावे?

वारा ज्या भिंतीवर आदळतो तिथे हवेचा दाब किंचित वाढतो. विरुद्ध बाजूला तो किंचित कमी होतो. दोन्ही दारे उघडी असली की या फरकामुळे हवा घरातून वाहते. दार एकच असेल तर आतला व दारातला दाब सारखा होतो आणि प्रवाह थांबतो. उरते ती त्याच दारातून होणारी हवेची मंद अदलाबदल.

औद्योगिक क्रांतीच्या काळात इंग्लंडमधील कारखान्यांच्या शहरांत कामगारांसाठी मागचे दार नसलेली हजारो घरे बांधली गेली. दोन घरे पाठीला पाठ लावून उभी, मध्ये एकच भिंत. डाव्या-उजव्या बाजूलाही शेजारी. म्हणजे चारांपैकी तीन भिंती बंद! एक घर रस्त्याकडे तोंड करून, तर दुसरे आतल्या चौकाकडे. सर्वांचे शौचकूप आणि कपडे धुण्याची जागा त्या चौकातच. बर्मिंगहॅम शहराने १८७६ मध्ये अशी नवी घरे बांधण्यास मनाई केली. १९०९ मध्ये देशाच्या कायद्यानेच अशी नवी घरे बांधण्यास मनाई केली. त्या शहरात उरलेला असा शेवटचा चौक २००४ पासून संग्रहालय म्हणून खुला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईत उभा राहिला. १८९६ मध्ये तेथे प्लेग आला आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी ६३.५ अंशांचा कोन करणारी रेषा काढा; समोरची इमारत तिच्या वर जाता कामा नये. हाच कोन का? त्याची स्पर्शज्या, म्हणजे टॅन, जवळजवळ २ आहे. समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी अंतर मोकळे हवे, असा याचा सरळ अर्थ.

प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो. तो नुसत्या मोकळ्या हवेने थांबत नाही. क्षयाचे जंतू मात्र कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात. त्यामुळे उजेड-वाऱ्याचा आग्रह योग्यच होता.

१९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. याच बीडीडी चाळी. मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या. खोलीची खिडकी बाहेर, दार बोळात. इथे एक गंमत पाहा. समोरासमोरच्या दोन्ही खोल्यांची दारे उघडी असली, की एका खिडकीतून आलेला वारा बोळ ओलांडून दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडतो. शेजाऱ्याचे दार हेच आपले मागचे दार! त्याने दार लावले की आपलाही वारा अडतो.

२०२५ मध्ये वरळीच्या चाळकऱ्यांपैकी पहिल्या कुटुंबांना नव्या उंच इमारतींत घरे मिळाली. घर मोठे झाले, स्वतंत्र संडास आला, हे चांगलेच. पण इमारत उंच झाली म्हणून भूमितीचे नियम बदलत नाहीत. ३ मीटर अंतरावर २१ मीटर उंच इमारत असेल तर? ऑर यांच्या नियमाने अंतर साडेदहा मीटर हवे. गोवंडीतील अशाच दाटीने उभ्या असलेल्या पुनर्वसन इमारतींच्या पाहणीत, उजेड-वारा कमी असलेल्या घरांत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता गावोगावीही स्लॅबची घरे होत आहेत. तुमच्या घरात एक प्रयोग करा. खोलीच्या मध्यभागी उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहा. आधी एकच खिडकी उघडी ठेवून, मग समोरचे दारही उघडून. घराचा आराखडा काढायची वेळ येईल तेव्हा हा धूर आठवा आणि वडीलधाऱ्यांना विचारा, “मागचे दार कुठे आहे?”