लोणारचा खार आणि विलायतेचा कोळसा

बुलढाणा जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. सगळा जिल्हा काळ्या बसाल्टवर बसलेला. विदर्भातला कोळसा पूर्वेकडे, मुख्यतः वर्धा खोऱ्यात. वरोऱ्याची खाण १८७१ साली सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. तरीही बुलढाण्याचा एक जुना धंदा कोळशानेच बुडवला, असे माझे मत आहे. तो धंदा लोणारच्या सरोवरातून निघणाऱ्या खाराचा.

मला या खाराचे वेड लहानपणापासूनचे. उन्हाळ्यात उडदाचे पापड करायचे ठरले की आजी आदल्या दिवशी पितळेच्या पातेल्यात पापडखार उकळायची, रात्रभर निवू द्यायची आणि सकाळी वरचे नितळ पाणी अलगद ओतून घ्यायची. तळाशी राखाडी गाळ उरायचा. ‘खार लोणारचाच, त्याने पापड फुलतो,’ हे तिचे ठरलेले वाक्य. सरोवर मी पुष्कळ नंतर पाहिले. त्याआधी तो गाळ पाहिला होता.

लोणारच्या खाराचा जुना उल्लेख थेट ‘ऐन-ए-अकबरी’त सापडतो. वऱ्हाड सुभ्यातल्या मेहकर सरकारचे वर्णन करताना अबुल फझल सांगतो, की इथे काच आणि साबण करायला लागणारे सगळे जिन्नस मिळतात आणि सोऱ्याच्या कारखान्यांपासून सरकारला चांगला महसूल येतो. तो सोरा म्हणतो. माझ्या मते तो सोडाच असणार, कारण काच आणि साबण दोन्हींना लागतो तो सोडा. पुढे तो खाऱ्या पाण्याच्या झऱ्याविषयी लिहितो आणि त्याच ठिकाणी गोडे पाणीही असल्याचे नोंदवतो. हे वाचले आणि सरोवराकाठच्या कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर डोळ्यांपुढे आली. एकाच विहिरीत एका अंगाला गोडे, दुसऱ्या अंगाला खारे पाणी, असे गावकरी आजही सांगतात. चारशे वर्षांपूर्वी अकबराच्या दरबारच्या दप्तरात गेलेली गोष्ट आणि देवीच्या जत्रेत आलेल्या बाईने सांगितलेली गोष्ट इतकी जवळची निघावी, याचे मला फार अप्रूप वाटले.

खार काढायचा तो उन्हाळ्यात. काठावरच्या ‘धार’ या झऱ्याचे गोडे पाणी आणि पावसाचे ओहळ सरोवरात उतरतात, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी फक्त वाफ होऊन जाते आणि आसपासच्या खडकातून विरघळून आलेला क्षार मागे राहतो. चैत्र-वैशाखात पाणी मागे सरकले की काठावर पांढरा थर धरायचा. तो गोळा करायचा, वाळवायचा, प्रतवारी लावायची. प्रतींची नावे ऐका: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. पापडी म्हणजे पातळ पापुद्रा, भुसकी म्हणजे भुगा. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांना रसायनशास्त्राची भाषा माहीत नव्हती. हाताला काय लागते हे मात्र पक्के ठाऊक होते. बांगड्यांची काच, साबण, कापडाची रंगाई, पापड, सगळीकडे हा माल खपत होता.

सरोवर ज्या विवरात आहे ते कशाने झाले याचा वाद सर्वांना माहीत आहे, तेव्हा थोडक्यात. १९१२ साली ला टूश आणि ख्रिस्टी या संशोधकांनी ते ज्वालामुखीच्या खाती जमा केले. १९७३ साली फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी इथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच दाखवली आणि उल्कापात सिद्ध झाला. वयाचा वाद उरलाच: कोणी बावन्न हजार वर्षे म्हणते, कोणी पावणेसहा लाखांच्या आसपास.

आता कोळसा. १७९१ साली फ्रान्सच्या लब्लाँने मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्यात मिठावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून, जे हाती येते ते चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत भाजायचे. १८६०च्या दशकात बेल्जियमच्या सॉल्व्हेने स्वस्त कृती काढली. तिला लागणारा अमोनिया कोळशाचा वायू करणाऱ्या कारखान्यांतून मिळे. पुढे हा शुभ्र, एकसारखा सोडा विलायतेहून जहाजाने मुंबईला उतरू लागला आणि आगगाडीने आत येऊ लागला. लोणारचा माल राखाडी, मिठाची भेसळ असलेला, तोही वर्षातून एकदाच निघणारा. त्याने टिकावे तरी कसे? खाराची गुणवत्ता कमी पडली म्हणून धंदा गेला, असे लिहिणारे अर्धेच सांगतात. कोळसा हाताशी असलेल्या देशाने सोड्याचा भाव ठरवला, हे उरलेले अर्धे.

आज सरोवर अभयारण्य आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळ्या जगाने पाहिले. त्याच वर्षी रामसर यादीत नाव आले. झाले ते योग्यच झाले, तिथला खार आता कोणी काढू नये. पण सरोवर पाहायला येणाऱ्याला उल्केची गोष्ट कळते, दैत्यसूदनाच्या देवळाची कळते, लवणासुर राक्षसाची कळते. वैशाखाच्या उन्हात त्या आम्लारी चिखलात उभे राहून डल्ला काढणाऱ्या माणसांची गोष्ट कोणी सांगत नाही.

लोणार, मेहकर, सिंदखेडराजा भागातल्या वाचकांना एवढीच विनंती. घरात खाराच्या मक्त्याचा कागद, वजनाची पावती, जुनी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ‘भुसकी’ म्हणजे काय, हे विचारून ठेवा.