हळदीची प्रत आणि ट्रायकोडर्मा: फायदा कधी, पैसे वाया कधी

साखरा (ता. सेनगाव, जि. हिंगोली) परिसरातील हळद उत्पादकांकडून नेहमी येणारा प्रश्न: ट्रायकोडर्मा दिले तर कुरकुमीन वाढते का?

कुरकुमीनचे प्रमाण मुख्यतः वाणावर ठरते. सेलम लावली तर ते सेलमच्याच मर्यादेत राहणार. मात्र पाने अकाली वाळली किंवा गड्डे सडले, तर पीक त्या मर्यादेपर्यंतही पोहोचत नाही. मुळे व पाने आठ-नऊ महिने निरोगी ठेवणे, एवढेच सूक्ष्मजीवांचे काम. पण वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून प्रतीकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.

भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले की पिथियम बुरशीमुळे कंदकूज होते. पानांच्या कडा पिवळ्या पडतात, खोड ओढताच हातात येते, गड्डा मऊ होऊन घाण वास सुटतो. ट्रायकोडर्मा या बुरशीच्या धाग्यांना वेटोळे घालून त्यांची भिंत विरघळवते. त्यासाठी ती रोगाच्या आधी मुळांजवळ रुजलेली हवी. सडलेला गड्डा आळवणीने बरा होत नाही. फार तर शेजारचे वाचतात.

एकरी 2 ते 2.5 किलो ट्रायकोडर्मा 250 ते 300 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावे. ढीग सावलीत, ओलसर ठेवून गोणपाटाने झाकावा. आठ-दहा दिवसांनी जमिनीत वाफसा असताना हे खत द्यावे. बेण्यासाठी लागवडीपूर्वी 1 लिटर पाण्यात अ‍ॅझोस्पिरिलम 10 ग्रॅम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू 10 ग्रॅम व व्हॅम 25 ग्रॅम घ्यावे. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद अडकून राहते, म्हणून शेवटचे दोन विशेष उपयोगी.

सर्वात जास्त पैसा वाया जातो तो कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकाच टाकीत मिसळण्यात. रसायन रोगकारक आणि उपयुक्त बुरशीत फरक करत नाही. रासायनिक बेणेप्रक्रिया करायचीच असेल तर ती आधी, बेणे सावलीत सुकवून दोन-तीन दिवसांनी जैविक. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स हे उपयुक्त बुरशी व जिवाणूंचे मिश्रण आहे. त्यालाही हाच नियम. पाकिटावरील मुदत पाहावी, पाकीट उन्हात ठेवू नये.

पण गादीवाफे आणि पाणी काढणारे चर नसतील, तर पाकिटावर खर्च न केलेला बरा. कंदकूज दिसलेल्या शेतातील गड्डे बेण्यासाठी ठेवू नयेत, वरून कितीही चांगले दिसले तरी.