कोंबडखत बागेत घालण्याआधी हे वाचा

दारात चार-पाच गावठी कोंबड्या असतील तर परसबागेसाठी खत विकत आणायची गरज फारशी पडत नाही. पण ताजी विष्ठा थेट आळ्यात टाकू नका, ही कळकळीची विनंती. तिच्यात शेणापेक्षा नत्र कितीतरी जास्त असतं, आणि त्यातलं बरंचसं युरिक आम्लाच्या रूपात. ते कुजताना अमोनिया सुटतो आणि मिरची-वांग्याची कोवळी मुळं करपतात. शिवाय साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात, म्हणून कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खायच्या भाज्यांच्या वाफ्यात तर नकोच नको.

खुराड्यात भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा. तो ओलसर झाला की काढून वाळक्या पाल्याबरोबर ढिगात टाका. पाला सढळ हाताने घ्या. ढिगाला उग्र वास येतोय म्हणजे पाला कमी पडलाय आणि नत्र हवेत उडून चाललंय. ढीग आतून चांगला तापला पाहिजे. अधूनमधून उलथत राहा. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत तयार होतं. पावसाळ्यात ढीग झाकायला विसरू नका.

कोंबड्या बागेत सोडायच्या त्या पीक निघाल्यावर. माती उकरून अळ्या-किडे टिपतात, वाफा आयता मोकळा होतो! नवी रोपं लावली की मात्र जाळी हवीच; मेथीचा वाफा त्या बघता बघता फस्त करतात. संध्याकाळी मोजून आत घ्या आणि खुराड्याच्या फटी बुजवा, मुंगूस अगदी लहान फटीतूनही शिरतं.