ताप नसताना रोज औषध कशाला?

लहान मुलाला लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग एकदा झाला आणि औषधाने बरा झाला, की पालक तो विसरून जातात. बहुतेक मुलांच्या बाबतीत विसरले तरी चालते. काही मुलांना मात्र दोन-चार महिन्यांनी पुन्हा थंडी वाजून ताप येतो आणि लघवी तपासली की पुन्हा जंतू सापडतात. अशा काही मुलांना आम्ही रोज रात्री अँटिबायोटिकची लहान मात्रा महिनोन्‌महिने देण्यास सांगतो. "डॉक्टर, पोराला ताप नाही, मग रोज औषध कशाला?" असे एका आजीने मला नुकतेच विचारले. प्रश्न अगदी रास्त आहे.

हे जंतू बहुधा आपल्याच आतड्यातले, ई. कोलाय नावाचे असतात. ते बाहेरून लघवीच्या मार्गाने मूत्राशयात चढतात. मूत्राशयातली लघवी पुन्हा वर मूत्रपिंडाकडे जाऊ नये अशी सोय निसर्गाने केलेली आहे. काही मुलांत ही झडप जन्मतः कमजोर असते. लघवी उलटी वर जाते, तिच्याबरोबर जंतूही जातात. याला रिफ्लक्स म्हणतात; सौम्य ते तीव्र अशा त्याच्या पाच पायऱ्या आहेत. मूत्रपिंडाला सूज येऊन व्रण राहिला तर पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. आमची सारी धडपड हा व्रण टाळण्यासाठी असते.

रात्रीच्या औषधाची मात्रा आजार बरा करण्याच्या मात्रेच्या साधारण पाव ते तृतीयांश असते. रात्रभर लघवी मूत्राशयात साठून राहते, म्हणून ती झोपण्यापूर्वी द्यायची.

याचा उपयोग किती? अमेरिकेत रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांवर झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्या मुलांना दोन वर्षे को-ट्रायमॉक्साझोल दिले, बाकीच्यांना औषध नसलेले मिश्रण. औषध घेणाऱ्या ३०२ पैकी ३९ मुलांना संसर्ग पुन्हा झाला, न घेणाऱ्या ३०५ पैकी ७२ जणांना. म्हणजे आजार जवळपास निम्म्यावर आला. पण मूत्रपिंडावरील व्रणांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले! शिवाय औषध घेत असतानाही ज्यांना ई. कोलायचा संसर्ग झाला, त्यांच्यापैकी ६३ टक्के मुलांत जंतू त्या औषधाला दाद देत नव्हते; दुसऱ्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते. ऑस्ट्रेलियातील २००९ च्या अभ्यासात तर सरासरी १४ मुलांना वर्षभर औषध द्यावे तेव्हा एकाचा आजार टळतो, असे दिसले.

म्हणून मी हे औषध सरसकट लिहून देत नाही. तीव्र रिफ्लक्स असलेले तान्हे बाळ, किंवा तापासह वारंवार आजारी पडणारे मूल, यांना देतो. केवळ रिपोर्टमध्ये जंतू दिसले, मूल मात्र हसते-खेळते आहे, अशा वेळी देत नाही. कोणते औषध द्यायचे हे वयावरही ठरते. दोन महिन्यांखालील बाळाला को-ट्रायमॉक्साझोल देत नाहीत. घेताना अंगावर पुरळ आले तर ते थांबवून डॉक्टरांना भेटावे.

माझ्या मते बाटलीपेक्षा मुलाच्या शौचाकडे जास्त लक्ष हवे. मलाशय खड्यांनी भरलेले असले की मूत्राशयावर दाब येतो, लघवी पूर्ण होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. आईला विचारले तर ती सांगते, "रोज जातो की!" खोदून विचारल्यावर कळते, की चार दिवसांतून एकदा मोठी, कडक शी होते आणि एरवी चड्डीला नुसते डाग लागतात. बद्धकोष्ठाचे औषध नेटाने काही महिने दिले, की कित्येकांचे लघवीचे दुखणेही कमी होते. शाळकरी मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. शाळेतले स्वच्छतागृह घाण म्हणून त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवी दाबून ठेवतात, त्यासाठी पाणीही पीत नाहीत. याला रात्रीचे औषध काय करणार? दर दोन-तीन तासांनी मुलीला जाऊ द्यावे, एवढे शिक्षकांना सांगून ठेवा.

रात्रीचे औषध चालू असताना ताप आला तर 'औषध चालूच आहे' म्हणून थांबू नका, आणि तेच औषध घरी दिवसातून तीनदा देऊ नका. ते चालू असतानाही संसर्ग झाला असेल तर जंतू बहुधा त्याला सरावलेले असतात, दुसरे औषध लागते. ते सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर करावे. लॅबमधून निर्जंतुक बाटली आणा, जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून मधली धार धरा. नमुना तासाभरात पोहोचवावा. गाव लांब असेल तर बाटलीचे झाकण घट्ट लावून ती बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवून आणावी.