घुमटाला सुरकुती का पडते?

श्रोतेहो, वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिराशेजारी विश्वशांती स्तूप आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आमचे सिंदी मेघे तेथून फार दूर नाही. (सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला लागून असलेले, सिंदी रेल्वे ते निराळे. बाहेरगावच्या पाहुण्यांची येथे हमखास चुकामूक होते.) सायंकाळी ऊन कलले की त्या पांढऱ्या घुमटाकडे जरा थांबून पहावे. पश्चिमेची बाजू झळाळत असते, पूर्वेची सावळी झालेली असते. पण उजेड कोठे संपला आणि सावली कोठे सुरू झाली, हे बोट ठेवून सांगता येत नाही. घुमट गुळगुळीत आहे असे आपण म्हणतो, तेव्हा खरे पाहता आपण हाताने नव्हे, या उजेडावरून बोलत असतो.

आता दुसरा घुमट सांगतो. जवळच्या एका खेड्यात देवळापुढे सभामंडप बांधला. मंडप १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब, म्हणून वरचा घुमटही लांबट करायचा ठरले. पैसा वर्गणीचा. विटांचा घुमट बांधणारा गवंडी आता सहजी मिळत नाही, तेव्हा फायबरचा घुमट करून आणावा असे पंचांनी ठरवले. गावातलाच एक मुलगा, आमच्या कॉलेजचा माजी विद्यार्थी, संगणकावर आराखडे काढतो. त्याने घुमट संगणकावर घडवला, त्याबरहुकूम यंत्राने थर्माकोलचा साचा कापला, त्यावर फायबर चढले, आणि घुमट ट्रॅक्टरवर बसून गावात आला. सकाळी सगळ्यांनी वाहवा केली. सायंकाळी तिरपे ऊन पडले, आणि घुमटाच्या बरोबर मध्यावरून, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, एक सरळ रेघ उमटली. रेघेच्या अलीकडे उजेड, पलीकडे एकदम सावली. गावचे एक म्हातारे गवंडी खाली उभे होते. ते म्हणाले, “बाबू, मधात शिवण मारली का?”

मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. “सर, स्क्रीनवर तर बरोबरच दिसून राहिलं होतं!” मी गणिताचा माणूस, यंत्रातला नाही. पण त्याचा आराखडा उघडून दोघे बसलो, तेव्हा चूक सापडली ती गणिताचीच होती. पैसे लोकांच्या वर्गणीचे होते, आणि मुलाची गावातली पत गेली होती ती वेगळीच. म्हणून हा विषय आज आपल्यापुढे मांडतो आहे.

मुळात घुमट ही वस्तू हट्टी आहे. कागदाची नळी होते, शेंगदाण्याची पुडी होते. दोन्ही उलगडून पुन्हा सपाट करता येतात. पण तोच कागद कलिंगडावर बसवून पहा. कडेला चुण्या पडतील, नाहीतर कागद फाटेल. उलट संत्र्याचे साल टेबलावर दाबले तर ते फुटते. जर्मन गणिती गाउस याने १८२७ साली सिद्ध केले की असे होणारच. पृष्ठाला एक अंगभूत वाक असतो आणि न ताणता, न फाडता तो बदलत नाही. कागदाचा तो वाक शून्य. कागदाची नळी केली तरी शून्यच राहतो. घुमटाचा शून्य नाही. म्हणून पत्र्याचे काम करणारे कारागीर गोल झाकण करताना पत्र्याच्या पाकळ्या कापतात आणि त्या जोडतात. म्हणून सपाट नकाशावर ग्रीनलंड उगीच अवाढव्य दिसते.

मग पूर्वीचे लोक घुमट कसा घडवीत? घुमट अगदी गोल असेल तर कुंभाराची युक्ती पुरते. मधोमध खांब रोवायचा, घुमटाच्या अर्ध्या उभ्या छेदाच्या आकाराचा लाकडी फर्मा त्याला लावायचा आणि फिरवायचा. फर्मा जेथून जेथून जाईल तेथे घुमट. संगणकातही हीच सोय आहे: एक वक्र काढा, अक्ष दाखवा, आज्ञा द्या, घुमट तयार. दीक्षाभूमीचा २००१ साली खुला झालेला स्तूप घ्या, की विजापूरचा गोल घुमट घ्या, या जातीचे घुमट आकाराने केवढेही मोठे असले तरी रेखाटायला सोपे. एकच पथ्य आहे. वक्राचे वरचे टोक अक्षाला काटकोनात, गवंड्यांच्या भाषेत गुण्यात, येऊन मिळाले पाहिजे. ते तिरपे आले की माथ्याला टोक निघते आणि घुमटाचे शेंडीवाले वांगे होते.

अडचण येते ती तळ गोल नसला की. विजापूरच्या गोल घुमटाचेच पहा. महंमद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ साली वारला. खालची खोली चौरस, बाजू सुमारे ४१ मीटर. वरचा घुमट आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा, गोल. चौकोनावर गोल बसवायचा कसा? तेथल्या कारागिरांनी आठ कमानी अशा घातल्या की वरून पाहिले तर दोन चौरस एकमेकांवर तिरपे ठेवल्यासारखे दिसतात. त्यांच्या छेदातून मध्ये अष्टकोन निघतो, आणि त्या अष्टकोनावर वर्तुळ सुखाने बसते. म्हणजे घुमट वाकडा न करता त्यांनी खालचा चौकोन वरपर्यंत येईतो गोलाकडे आणला. आमच्या मुलाने मात्र घुमटच लांबट केला होता, आणि लांबट घुमट फर्मा फिरवून होत नाही. तेथे संगणकाला चार वक्र द्यावे लागतात आणि मधली जागा त्याने भरायची असते.

संगणक हे वक्र धरून ठेवतो कसे, ते शाळेच्या मैदानात तीन खुंट्या ठोकून दाखवता येईल. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे अवश्य करून पहावे. एका कोपऱ्यापासून १० हातांवर पूर्वेला एक खुंटी, १० हातांवर उत्तरेला दुसरी, आणि त्या दोहोंनी होणाऱ्या चौरसाच्या चौथ्या कोपऱ्यावर तिसरी. पहिली खुंटी ते कोपऱ्याची खुंटी यांचा मध्य काढा; कोपऱ्याची खुंटी ते दुसरी यांचाही काढा; मग या दोन मध्यांचा मध्य. हा बिंदू वक्रावर पडतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जे नवे त्रिकूट झाले त्यात पुन्हा तेच करा. चार-पाच वेळा केले की जमिनीवर सुरेख वाक उमटतो. फक्त मध्य काढायचे, दुसरे काही नाही. ही रीत १९५९ साली सित्रोएन या फ्रेंच मोटार कारखान्यात पोल द कास्तेल्जो यांनी काढली. कारखान्याने ती गुपित ठेवली. पुढे रेनो कारखान्यातले पिएर बेझिए यांनी तसलेच वक्र स्वतंत्रपणे सिद्ध करून प्रसिद्ध केले, म्हणून नाव त्यांचे लागले. मोटारीचा पत्रा हाही एक घुमटच म्हणायचा, आणि त्यावरची सुरकुती गिऱ्हाईक दुकानातच पकडते.

आता मौज पहा. आपल्या मैदानातला तो मधला बिंदू मूळ कोपऱ्यापासून मोजा. पूर्वेला ७.५ हात, उत्तरेला ७.५ हात, म्हणून सरळ अंतर १०.६ हात. पण आपल्याला १० हात त्रिज्येचे वर्तुळ हवे होते! म्हणजे वक्र दिसतो गोल, पण गोल नाही. कारण या सरासरीत मधल्या खुंटीचे वजन २ आणि टोकांचे १-१ असे असते. मधलीचे वजन घटवून १.४१४ करा: १० आणि १४.१४ यांची बेरीज भागिले ३.४१४, उत्तर ७.०७. आता अंतर बरोबर १० हात. वजने देण्याच्या या सुधारलेल्या रीतीला नर्ब्स म्हणतात, आणि आराखड्यांच्या बहुतेक संगणक-प्रणाली तिच्यावरच चालतात.

आता शिवणीकडे येऊ. दोन वक्र किंवा दोन पृष्ठे जोडायची तर जोड तीन प्रतींचा असतो. नुसते टोकाला टोक लागले, फट नाही, हा पहिला. दोघांची दिशाही एक आहे, कोपरा नाही, हा दुसरा. आणि दिशेबरोबर वाकही एक आहे; हा तिसरा. दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक रेल्वेचे लोक चांगला जाणतात. सरळ रुळांना एकदम वर्तुळाचा तुकडा जोडला तर कोपरा कोठेच नसतो, दिशा जुळलेली असते. पण गाडी तेथे आली की उतारूंना एका बाजूला हिसका बसतो. म्हणून सरळ आणि वळण यांच्यामध्ये हळूहळू वाकत जाणारा रूळ घालतात. तोच हिसका चकचकीत घुमटावर डोळ्याला बसतो.

डोळा तरबेज नसेल तर संगणकात एक परीक्षा असते. पृष्ठावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रतिबिंब पाडून पहायचे. जोडावर पट्टे तुटले तर नुसता स्पर्श आहे. जुळले पण कोपरा करून वळले तर दिशा जुळली, वाक नाही. न थांबता वाहत गेले तर जोड पक्का. आमच्या मुलाच्या घुमटावर मधल्या रेषेला पट्टे साफ तुटले होते.

त्याने केले होते असे: अर्धाच घुमट काढला आणि उरलेला अर्धा आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटवून जोडला. श्रम वाचवण्याची ही रीत चांगली आहे, सगळेच करतात. पण मधल्या रेषेवर येताना वक्र त्या आरशाला गुण्यात यायला हवा होता. तो ३ अंश तिरपा आला. प्रतिबिंबही तेवढेच तिरपे, मिळून ६ अंशांचा मोड. कागदावर एक वक्र काढून त्याच्या टोकाशी घरातला लहान आरसा उभा धरा आणि थोडा फिरवा; मोड कधी दिसतो आणि कधी नाहीसा होतो ते मुलांना लगेच कळेल. गंमत अशी की वक्र गुण्यात आला की दिशाच नव्हे, वाकही आपोआप जुळतो, कारण दोन्हीकडचा वाक एकाच मूळ वक्राचा असतो.

मग पडद्यावर हे दिसले का नाही? पडदा आपल्याला थोडे फसवतो. दाखवण्यासाठी संगणक घुमटाचे लहान-लहान सपाट त्रिकोण करतो आणि त्यांच्या कडांवर उजेड विरघळवून टाकतो. ही युक्ती आँरी गुरो यांनी १९७१ मध्ये मांडली. शिवाय पडद्यावरचा दिवा बहुधा पाहणाऱ्याच्या डोक्यामागे असतो. तिरपे ऊन तेथे कोठून येणार?

त्या त्रिकोणांचा हिशेब यंत्राला आराखडा देतानाही ठेवावा लागतो. ४ मीटर व्यासाच्या वर्तुळाचे २४ सरळ तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर खऱ्या वर्तुळापासून १७ मिलिमीटर आत जातो. तुकडे चौपट, म्हणजे ९६ केले तर हा खड्डा सुमारे १ मिलिमीटर उरतो. चौपट तुकडे, सोळावा हिस्सा चूक.

शिवण दुरुस्त केली, तरी माथा राहिलाच होता. मुलाने खालून वर पाकळ्या नेल्या होत्या, आणि साऱ्या पाकळ्या माथ्यावर एका बिंदूत मिळत होत्या. संगणकाचे पृष्ठ मुळात चार बाजूंचे असते. पाकळीला तीनच बाजू, म्हणून चौथी बाजू चेपून तो तिचा बिंदू करतो. तेथे त्याचा गोंधळ होतो. उत्तर ध्रुवावर उभ्या असलेल्या माणसाला पूर्व कोणती म्हणून विचारावे, तसे. दिसायला माथ्याशी पिशवीच्या तोंडासारख्या बारीक चुण्या पडतात. यावर उपाय सुगरणीच्या हातचा आहे. लोणच्याच्या बरणीवर फडके बांधताना आपण तोंडाच्या मापाचे गोल कापड कापत बसत नाही. मोठे चौकोनी फडके टाकतो आणि सुतळी बांधून जास्तीचे कापतो. तसेच माथ्यावरून चारी बाजूंना तळाच्या बाहेर जाणारे एकच चौकोनी पृष्ठ घालायचे, आणि तळाच्या लांबट आकाराने जास्तीचे छाटायचे. चेपलेला बिंदूच राहत नाही. मुलाला हे पटायला दोन दिवस लागले, कारण हवे त्यापेक्षा मोठे काढून कापणे त्याला वाया घालवणे वाटे.

जुना घुमटच घासून सुधारता येईल का, हाही विचार झाला. लांबी भरून चार दिवस घासले. रेघ गेली नाही. वीतभर सरकली आणि एकीच्या दोन झाल्या. मोडाशेजारी भर टाकली की भर जेथे संपते तेथे नवा मोड येतो. मग कारखान्याने अर्ध्या किमतीत नवा साचा कापून दिला, उरलेले पैसे मुलाने हप्त्याने भरायचे ठरले. पंच मंडळींनी पुढे दोन हप्ते माफ केले.

ज्या शाळेत संगणक आहे तेथे फ्रीकॅड ही प्रणाली विनामूल्य घालता येते. वक्र फिरवून घुमट करणे, छाटणे, प्रतिबिंब घेणे हे सारे तीत आहे. आठवी-नववीच्या मुलांना आधी मैदानातल्या खुंट्या, मग आरसा, आणि मग संगणक, या क्रमाने दिले तर बरे.

नवा घुमट कार्तिकात चढला. त्या दिवशी मुलगा सकाळी आलाच नाही. पाच वाजता आला, आणि ऊन कलेपर्यंत म्हाताऱ्या गवंड्यांच्या शेजारी मान वर करून उभा राहिला. जुना घुमट देवळामागे पालथा पडला होता. तो उताणा करून विटांवर टेकवला आहे, आणि उन्हाळ्यात गुरे त्यात पाणी पितात.