दुखत नाही म्हणून जखम लहान नसते

वॉर्डात रात्रपाळीला होते तेव्हाची गोष्ट. एक मावशी पायाला फडकं गुंडाळून आल्या. सोडून पाहिलं तर अंगठा कुरतडलेला. आदल्या रात्री झोपेत उंदराने खाल्ला होता. सकाळी गोधडीवर रक्त दिसलं तेव्हा त्यांना कळलं, तरी चार घरची धुणीभांडी उरकूनच आल्या. "दुखतच नाही सिस्टर, मग घाई कसली?" म्हणाल्या. साखरेचा आजार नऊ वर्षांचा, गोळ्या पैसे असतील तेव्हा.

उंदीर चावला तरी जाग का आली नाही? आपण 'नस' म्हणतो ती रक्ताची शीरही असते आणि संवेदना नेणारा तंतूही. इथे बोलतेय ती दुसरी. शाळेच्या पुस्तकात मुलं 'चेतापेशी' शिकतात, ती हीच. बाकीच्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या छोट्या, पण ही अजब. तिचं मूळ कमरेत, मणक्याजवळ, आणि एकच तंतू तिथून थेट अंगठ्यापर्यंत, जवळजवळ एक मीटर. काटा बोचला की तंतूच्या टोकाला क्षार आतबाहेर होतात, त्यातून विजेसारखी लाट उठते आणि मज्जारज्जूकडे धावते. पाय उचलायचा हुकूम तिथूनच सुटतो. 'आई गं' नंतर येतं, कारण मेंदूपर्यंत बातमी पोचायला थोडा वेळ लागतो.

या लांब तंतूचं पोषण मुळाकडून होतं, शिवाय बाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांतून. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की तंतूही खराब होतो आणि त्या रक्तवाहिन्याही. सर्वात लांबचं टोक आधी मरतं. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. आधी मुंग्या, रात्री आग, कापसावर चालल्यासारखं वाटणं. मग आग थांबते. माणूस म्हणतो, बरं वाटतंय. इथेच फसगत होते. आग थांबली ती बऱ्याचदा नस मेल्यामुळे.

विहारात तपासायला बसते तेव्हा मी डोळे मिटायला सांगते आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी यांना बोटाने अलगद स्पर्श करते, दाबत नाही. सहापैकी दोन ठिकाणी कळलं नाही तर डॉक्टरांकडे पाठवते. घरी सूनसुद्धा सासूचं हे करू शकते.

बधिर पायाला शेक देऊ नका. गरम पाण्याने भाजून फोड आलेले पाय मी कितीतरी पाहिले. पाणी कोपराने तपासा. कुरूप ब्लेडने कापू नका. चप्पल घरातही घाला. रात्री पाय धुऊन, पुसून, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. रोज तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. साधा ओरखडासुद्धा दाखवा.

साखरेच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायला सांगा. ते कमी पडलं तरी पाय बधिर होतात, आणि त्यावर औषध आहे. ३० वर्षांवरच्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आशाताईंना विचारा.

मावशींचा अंगठा काढावा लागला, पाय वाचला. आता त्यांची नात रोज संध्याकाळी अभ्यासाला बसण्याआधी त्यांचे तळवे बघते. मागच्या महिन्यात तिला त्यात टाचणी सापडली. मावशी दिवसभर तशाच चालल्या होत्या.